अझुचीचे जोते आणि गोव्यामार्गे गेलेले चित्र

१५८२ सालच्या जपानी नववर्षदिनी ओदा नोबुनागाने आपला नवा किल्ला लोकांना पाहण्यासाठी खुला केला. नातेवाईक आले, अंकित सरदार आले, त्यांच्या पदरची माणसे आली. अट एकच होती. प्रत्येकाने शंभर मोन, म्हणजे तांब्याची शंभर नाणी, स्वतःच्या हाताने आणून द्यायची. ‘शिन्चो कोकी’ या नोबुनागाच्या चरित्रात हा प्रसंग नोंदलेला आहे. मध्य जपानचा हा धनी त्या दिवशी तबेल्याच्या दाराशी उभा राहून येईल त्याच्याकडून नाणी घेत होता आणि पाठीमागे भिरकावत होता. गर्दी इतकी लोटली की डोंगर चढताना एका ठिकाणी दगडी बांध ढासळला आणि त्याखाली सापडून माणसे मेली. जे वर पोचले त्यांनी सोन्याने मढवलेली दालने पाहिली. सम्राट कधी काळी येईल म्हणून सजवून ठेवलेले दालनही त्यांना पाहायला मिळाले.

त्यानंतर पाच महिन्यांनी नोबुनागा मेला, आणि पुढच्या दोन आठवड्यांच्या आत डोंगरमाथ्यावरचा महाल जळून गेला. बांधून पूर्ण झाल्यापासून तो जेमतेम तीन वर्षे उभा होता.

जपानच्या इतिहासात सोळाव्या शतकाच्या शेवटच्या कालखंडाला ‘अझुची-मोमोयामा’ म्हणतात. त्यातले अझुची ते हेच. ज्या इमारतीने एका कालखंडाला नाव दिले, त्या इमारतीचे आज जोते तेवढे उरले आहे आणि तिचे एकही विश्वसनीय चित्र जपानमध्ये नाही. एक चित्र होते. ते समुद्रमार्गे कोचीन-गोव्याच्या वाटेने रोमला गेले आणि तिथे हरवले. किल्ल्यांच्या नादापायी मी अझुचीला गेलो, पण लिहिण्याचा विषय सापडला तो या चित्रामुळे. डोंगरावर उरलेले दगड, कागदावर उरलेली वर्णने आणि हरवलेले चित्र या तिन्हींना एकमेकांशेजारी ठेवून पाहिले तर काय हाती लागते, ते या लेखात मांडतो.

(जपानी पद्धतीप्रमाणे इथे आडनाव आधी व नाव नंतर लिहिले आहे.)

डोंगर

क्योतोहून बिवा सरोवराच्या पूर्वकाठाने जाणाऱ्या रेल्वेवर अझुची हे लहानसे स्थानक आहे. आज ते शिगा प्रांतातल्या ओमी-हाचिमान शहरात मोडते. स्थानकावरून भातखाचरांच्या कडेने अर्धा तास चालले की डोंगराचा पायथा येतो. डोंगराची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १९९ मीटर आहे, पण बिवा सरोवराचे पाणीच समुद्रसपाटीपेक्षा बरेच उंच असल्याने प्रत्यक्ष चढ शंभर मीटरच्या आसपास भरतो. सह्याद्रीत हिंडणाऱ्याला ही टेकडीच वाटेल.

तिचे महत्त्व उंचीत नव्हते. नोबुनागाच्या काळी या डोंगराला तीन बाजूंनी सरोवराच्या खाजणाचे पाणी होते. विसाव्या शतकात ते पाणी उपसून तिथे शेती केली गेली. पश्चिमेकडचे निशिनोको हे तळे तेवढे जुन्या पाण्याची आठवण म्हणून उरले आहे. हे पाणी मनातल्या मनात परत भरून घेतल्याशिवाय किल्ल्याची जागा कळत नाही. होडीने क्योतोच्या दिशेला झटकन पोचता येई. पूर्वेकडून येणारा हमरस्ता जवळून जात होता आणि उत्तरेकडून शत्रू आला तर त्याच्यावर नजर ठेवता येत होती. राजधानीपासून पुरेसे दूर आणि पुरेसे जवळ असे हे ठिकाण नोबुनागाने १५७६ च्या आरंभी निवडले आणि बांधकामाची जबाबदारी निवा नागाहिदे या सरदारावर सोपवली. उंच महाल, ज्याला जपानीत ‘तेन्शु’ म्हणतात, तो १५७९ मध्ये पूर्ण झाला आणि नोबुनागा तिथे राहायला गेला.

पायथ्याशी तिकीट काढावे लागते. डोंगर सोकेन्जी या मंदिराच्या मालकीचा आहे. हे मंदिर नोबुनागानेच उभारले होते. चढ सुरू होतो तो एका रुंद, सरळ दगडी जिन्याने. त्याला ‘ओतेमिची’ म्हणतात. सुमारे सहा मीटर रुंदीची ही वाट जवळजवळ १८० मीटर सरळ वर जाते. आपल्याकडचे गड पाहिलेल्या माणसाला इथे थबकायला होते. गोमुखी रचनेचा दरवाजा, बुरुजाआड लपलेली वाट, चढणाऱ्याची उजवी बाजू तटाखाली उघडी पडावी अशी वळणे, हे सगळे आपल्या डोळ्यांना सवयीचे. इथे शत्रूला पायघड्या घातल्यासारखा जिना आहे. वाट वळणे घेते ती पुढे, आणि बांधणी खरी जाडजूड होते ती ‘कुरोगाने’ दरवाजाजवळ.

याचे उत्तर लष्करी कारणांत सापडत नाही. १९८९ पासून वीस वर्षे शिगा प्रांताने इथे उत्खनन केले, तेव्हा ही वाट तिच्या मूळ रुंदीनिशी उघडी पडली. वरच्या भागातल्या एका वाड्याच्या पायाचा आराखडा क्योतोच्या राजवाड्यातील सेइर्योदेन या सम्राटाच्या निवासाशी जुळतो, असे अभ्यासकांनी दाखवले. सम्राटासाठी राखलेले दालन आणि सम्राटाची पालखी सहज जाईल असा जिना एकत्र ठेवले की नोबुनागाच्या मनात काय होते याचा अंदाज बांधता येतो. किल्ला लढण्यासाठी होताच, पण त्याहून अधिक तो दाखवण्यासाठी होता.

जिना चढताना आणखी एक गोष्ट पायाखाली येते. काही पायऱ्यांत दगडी बुद्धमूर्ती बसवलेल्या आहेत. लहान, झिजलेल्या, आडव्या टाकलेल्या. आता त्यांच्याजवळ पाट्या आहेत आणि येणारे-जाणारे नाणी ठेवतात. घाईच्या बांधकामात आसपासच्या स्मशानांतले, मंदिरांतले दगड उचलून आणले, त्यात या मूर्ती आल्या. नोबुनागाने १५७१ मध्ये हिएइ पर्वतावरचा मोठा मठ जाळला होता, त्यामुळे हा त्याच्या धर्मद्वेषाचा पुरावा म्हणून सांगितला जातो. मला हा निष्कर्ष घाईचा वाटतो. त्याच डोंगरावर त्याने सोकेन्जी बांधले. त्याचा तीन मजली पॅगोडा (मूळ १४५४ चा, दुसऱ्या ठिकाणाहून उचलून आणलेला) आणि प्रवेशद्वार आजही उभे आहे. जुनी मंदिरे पाडून त्यांचे दगड बांधकामाला वापरणे त्या काळी इतर जपानी किल्ल्यांतही घडले आहे. दगड लागत होता, तो जवळ होता, तो घेतला.

चारशेच्या वर पायऱ्या चढून माथ्यावर गेले की तेन्शुचे जोते येते. अनियमित अनेककोनी आकाराचा दगडी चौथरा आणि त्याच्या पोटात तळघराची उघडी जागा. त्या जागेत सुमारे १.२ मीटर अंतराने ओळीत बसवलेले पायाचे दगड आहेत. त्यांवर खांब उभे होते. ओळी मोजत मध्यावर आलो की एक दगड नाही. नेमका मधला. या एका न असलेल्या दगडावर जपानमध्ये किती शाई खर्च झाली आहे ते पुढे सांगतो.

भिंतींत चुना नाही. मोठे दगड बाहेर, त्यांच्या मागे लहान गोट्यांचा भराव, आणि भिंतीला आत झुकता उतार. पावसाचे पाणी गोट्यांतून झिरपून निघून जाते, भिंतीवर दाब येत नाही. हिएइ पर्वताच्या पायथ्याच्या अनो गावचे पाथरवट या कामात तरबेज होते आणि अझुचीच्या कामामुळे त्यांचे नाव झाले, असे परंपरा सांगते. पुढच्या चाळीसेक वर्षांत जपानभर जे उंच दगडी तट आणि त्यांवरचे मनोरे उभे राहिले त्यांची सुरुवात इथून मानतात. जपानमध्ये याआधीचे डोंगरी किल्ले बहुतांशी माती, खंदक आणि लाकडी कुंपणांचे होते.

तीन साक्षीदार

जोत्यावर काय उभे होते हे सांगणारे तीन साक्षीदार आहेत आणि तिघांच्या साक्षी जुळत नाहीत.

पहिला ओता ग्युइची. तो नोबुनागाच्या पदरी होता. धन्याच्या मृत्यूनंतर, आपल्या जुन्या टिपणांवरून, म्हातारपणी त्याने ‘शिन्चो कोकी’ लिहून पूर्ण केला. तो हिशेबनिसाच्या नजरेने लिहितो. पहिल्या मजल्याची लांबी-रुंदी दक्षिणोत्तर २० केन, पूर्वपश्चिम १७ केन (एक केन म्हणजे साधारण दोन मीटर). खांब २०४. कोणत्या दालनात किती चटया आणि भिंतीवर कानो एइतोकुच्या कुंचल्यातून काय उतरले, हे तो मजल्यागणिक देतो. कुठे आलुबुखाराची फुले, कुठे पक्षी, कुठे चिनी ऋषी. तळघर धरून सात मजले. सहावा मजला अष्टकोनी, लाल खांबांचा, आत बुद्ध आणि त्याचे शिष्य. सर्वांत वरचा आतबाहेर सोन्याने मढवलेला, भिंतींवर चीनचे प्राचीन राजे आणि ज्ञानी पुरुष. एवढा तपशील देणारा ग्युइची बाहेरून इमारत कशी दिसत होती हे मात्र फारसे सांगत नाही. रोज दिसणाऱ्या गोष्टीचे वर्णन करायची गरज त्याला वाटली नसावी.

दुसरा साक्षीदार परका आहे. लुईस फ्रोइस हा पोर्तुगीज जेझुइट. १५४८ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी तो गोव्याला आला. जपानला जाण्यापूर्वीची तरुणपणाची बहुतेक वर्षे त्याने गोव्यात आणि मलाक्क्यात काढली. पूर्वेकडच्या मिशनांची पत्रे एकत्र करून युरोपला पाठवण्याच्या कामात तो तयार झाला. १५६३ मध्ये तो जपानला पोचला आणि १५९७ मध्ये नागासाकीला वारला. म्हणजे अझुचीकडे पाहणाऱ्या या डोळ्यांना सवय लागली होती ती मांडवीकाठच्या चर्च-वाड्यांची. फ्रोइसला बाहेरचे रूप दिसले. पांढऱ्या भिंती, काळ्या लाखेच्या खिडक्या, कुठे लाल, कुठे निळा मजला आणि शेंड्यावर सोने. युरोपातल्या मोठ्या इमारतींच्या पंक्तीत तो हिला बसवतो. ग्युइची आतून पाहतो, फ्रोइस बाहेरून. म्हणून दोघेही लागतात.

दोघांची तुलना करायला एक छान उदाहरण आहे. ‘जाइशी’ म्हणजे सर्पशिळा नावाचा एक प्रचंड दगड डोंगरावर चढवल्याची हकीकत दोघेही देतात. ग्युइची सांगतो की दहा हजारांवर माणसांनी तीन दिवस आणि तीन रात्री ओढून तो वर नेला. धन्याच्या युक्तीचे आणि उत्साहाचे ते कौतुक आहे. फ्रोइस सांगतो की दगड एकदा घसरला आणि त्याखाली दीडशेवर माणसे चिरडली. सेवकाच्या बखरीत मेलेली माणसे नाहीत, परक्याच्या पत्रात आहेत. आणि दगड? तो आजपर्यंत डोंगरावर ओळखता आलेला नाही.

पण परका म्हणून फ्रोइस निःपक्षपाती ठरत नाही. नोबुनागाने सोकेन्जीत स्वतःची देव म्हणून पूजा करायला लावली, अशी हकीकत तो देतो. ती सांगणारा तो एकटाच आहे आणि ती त्याने लिहिली नोबुनागाच्या मृत्यूनंतर. मृत्यूआधीच्या पत्रांत नोबुनागा हा मिशनचा आश्रयदाता आहे. मृत्यूनंतर तो गर्वाने फुगून देवाच्या कोपाला पात्र झालेला माणूस होतो. उपदेशाला दृष्टांत लागतो, तो त्याला मिळाला. आपल्या इतिहासासाठी परदेशी पत्रव्यवहार वापरताना हीच काळजी घ्यावी लागते. लिहिणाऱ्याला पत्र कोणाला पाठवायचे आहे हे आधी पाहावे.

तिसरा साक्षीदार कागदावरचा आराखडा. वास्तुइतिहासकार नाइतो आकिरा यांना तोक्योच्या सेइकादो ग्रंथसंग्रहात ‘तेन्शु साशिझु’ नावाचा मजल्यांचा आराखडा मिळाला आणि १९७० च्या दशकात त्यांनी तो अझुचीचा म्हणून जाहीर केला. तो अठराव्या शतकातला, कागा संस्थानच्या एका सुताराच्या हातचा आहे. त्यात तळघरापासून चार मजल्यांइतकी उंच मोकळी पोकळी दाखवली आहे आणि तिच्या तळाशी एक स्तूप. जोत्यावरचा तो मधला दगड नाही, कारण तिथे खांब नव्हताच, स्तूप होता, अशी नाइतोंची मांडणी. ती दिसायला भव्य आहे. पण मियाकामी शिगेताका यांनी लगेचच तिला आक्षेप घेतले. ग्युइचीने खांब मोजले, चटया मोजल्या, आणि चार मजली पोकळी व तिच्यातला स्तूप सांगायचा राहिला, हे पटत नाही. आराखडा मूळ कागदाची नक्कल आहे की पुढच्या काळातल्या सुताराने वर्णने वाचून केलेली कल्पना, यावर वाद आजही चालू आहे.

वर्णने आहेत, आराखडा आहे, मोजता येईल असा पाया आहे. तरीही इमारतीचा आकार ठरत नाही. एका चित्राने हा वाद मिटला असता.

दिव्यांची रात्र आणि पडद्यांची जोडी

ते चित्र नोबुनागाने स्वतः करवून घेतले होते. सहा-सहा घड्यांच्या दोन पडद्यांवर, जपानीत ज्यांना ‘ब्योबू’ म्हणतात, कानो एइतोकुने किल्ला, गाव आणि सरोवर रंगवले. जसे आहे तसे, काही न बदलता काढायचे, अशी धन्याची आज्ञा होती असे फ्रोइस लिहितो. सम्राटाने हे पडदे पाहिले आणि त्याला ते हवे होते, पण नोबुनागाने ते दिले नाहीत, हेही तो सांगतो.

१५८१ मध्ये अलेस्सांद्रो व्हालिन्यानो अझुचीला आला. हा इटलीतल्या किएती गावचा. पूर्वेकडच्या सर्व जेझुइट मिशनांचा तपासनीस म्हणून १५७४ मध्ये तो गोव्यात उतरला होता. त्याची पद्धत वेगळी होती. जपानमध्ये राहायचे तर जपानी रीतिरिवाजाने राहावे, असा त्याचा आग्रह होता. अझुचीच्या गावात तेव्हा जेझुइटांची एक शाळाही सुरू झाली होती. तिच्यासाठी जागा नोबुनागाने दिली होती.

व्हालिन्यानो निघण्याच्या सुमारास पितरांचा ओबोन सण आला. या सणाला घरोघरी दिवे लावतात. फ्रोइस सांगतो की त्या वर्षी नोबुनागाने गावात कोणी दिवे लावू नयेत असा हुकूम काढला आणि फक्त किल्ला उजळवला. ग्युइचीनेही ही रात्र नोंदली आहे. तेन्शुला आणि सोकेन्जीला कंदील टांगले होते, खाली खाजणात होड्या सोडल्या होत्या आणि होड्यांत पलिते घेतलेले स्वार उभे होते. इथे दोन्ही साक्षी जुळतात. अंधारात बुडालेले गाव, वर दिव्यांचा मनोरा आणि खाली पाण्यात त्याचे प्रतिबिंब. आपल्याकडे दिवाळीत आकाशकंदील लावताना एखाद्याने ‘आज फक्त माझ्या घरी’ म्हणावे, तसा हा प्रकार. निरोपाची भेट म्हणून नोबुनागाने तो पडदा, सम्राटाला नाकारलेला, व्हालिन्यानोला दिला.

२० फेब्रुवारी १५८२ रोजी व्हालिन्यानो नागासाकीहून निघाला. बरोबर तेरा-चौदा वर्षांची चार जपानी मुले होती. इतो मान्सियो, चिजिवा मिगेल, नाकाउरा जुलियान आणि हारा मार्तिन्यो. क्यूशूच्या ख्रिस्ती झालेल्या सरदारांचे वकील म्हणून ती पोपच्या भेटीला चालली होती. सामानात पडदे होते. मंडळी मकावला अडकून पडली होती त्याच काळात, २१ जून १५८२ रोजी, क्योतोच्या होन्नोजी मंदिरात आकेची मित्सुहिदे या सरदाराने नोबुनागावर चाल केली आणि नोबुनागाने पोट चिरून घेतले. ४ जुलैच्या सुमारास अझुचीचा तेन्शु जळाला. मलाक्का, कोचीन असे टप्पे घेत मंडळी १५८३ च्या अखेरीस गोव्याला पोचली तेव्हा चित्रातली इमारत जळून दीड वर्ष होत आले होते.

त्या वेळचे गोवे कसे होते तेही पाहायला हवे. २५ जुलै १५८३ रोजी सासष्टीतील कुंकळ्ळीला रोदोल्फो आक्वाव्हिवासह पाच जेझुइट मारले गेले होते. देवळे पाडली गेल्याचा तो संताप होता. नंतर बोलणी करायला म्हणून बोलावलेल्या गावकऱ्यांच्या प्रमुखांची असोळणाच्या किल्ल्यात कत्तल झाली. हे ताजे असतानाच चार जपानी मुले गोव्यात उतरली. व्हाइसरॉय फ्रान्सिस्को माश्कारेन्यशने त्यांचे स्वागत केले. जपानमध्ये हेच पाद्री जपानी वेशात, चटईवर गुडघे टेकून बसत होते, कारण तिथे त्यांच्या पाठीशी सत्ता नव्हती. गोव्यात सत्ता होती. अझुचीच्या मुलाखतींची गोड वर्णने वाचताना हा फरक डोक्यात असला म्हणजे व्हालिन्यानोच्या सौम्यपणातले स्वभावाचे किती आणि परिस्थितीचे किती, याचा विचार करता येतो.

व्हालिन्यानो प्रांतप्रमुख म्हणून गोव्यातच थांबला. मुले आणि पडदे पुढे गेले. ऑगस्ट १५८४ मध्ये लिस्बन आणि २३ मार्च १५८५ रोजी रोममध्ये पोप तेराव्या ग्रेगरीची भेट. पडदे पोपला दिले गेले, आणि काही दिवसांत, १० एप्रिलला पोप वारला. पडदे व्हॅटिकनच्या दालनात काही वर्षे होते हे नक्की, कारण फिलिप्स व्हान विंघे नावाच्या फ्लेमिश अभ्यासकाने त्यांतल्या काही भागांची रेखाटने केली. तो १५९२ मध्ये वारला. त्याच्या रेखाटनांवरून केलेली दोन काष्ठचित्रे १६१५ च्या एका इटालियन ग्रंथात छापली गेली. एकात दरवाजासारखी इमारत आहे, दुसऱ्यात मजल्यांवर मजले चढलेला मनोरा. युरोपीय हातांनी दोनदा नक्कल झालेल्या या रेषांवरून मजले मोजता येत नाहीत. त्यानंतर पडद्यांचा माग लागत नाही. अझुचीच्या लोकांनी आणि अभ्यासकांनी व्हॅटिकनमध्ये अनेकदा शोध केला, पण पडदे मिळाले नाहीत.

मुले परतीच्या वाटेवर १५८७ मध्ये पुन्हा गोव्याला आली. तिथल्या जेझुइट कॉलेजात हारा मार्तिन्योने व्हालिन्यानोसमोर लॅटिनमध्ये भाषण केले. युरोपातून आणलेला छापखाना बरोबर होताच. त्यावर ते भाषण १५८८ मध्ये गोव्यातच छापले गेले आणि छपाईचे काम कोन्स्तान्तिनो दोउरादो या जपानी तरुणाच्या हातून झाले. एका जपानी मुलाचे लॅटिन भाषण, जपानी मुद्रकाने, गोव्यात छापलेले. गोव्याच्या मुद्रणाच्या इतिहासात या पुस्तिकेची नोंद होते, पण ती अझुचीच्या गोष्टीतला दुवा आहे हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. जुन्या गोव्यात आज सेंट पॉल कॉलेजची एक कमान तेवढी शिल्लक आहे.

पडदे गेले, पण उलट दिशेने गेलेला एक कागद वाचला. एप्रिल १५८८ मध्ये व्हाइसरॉय दुआर्ते द मेनेझिशने नोबुनागाचा वारस ठरलेल्या तोयोतोमी हिदेयोशीला गोव्याहून पत्र लिहिले. रंगीत वेलबुट्टीच्या किनारीचे, चामड्यावर लिहिलेले. व्हालिन्यानोने ते १५९१ मध्ये क्योतोत हिदेयोशीला सादर केले. आज ते क्योतोच्या म्योहो-इन मंदिरात आहे आणि जपानने त्याला ‘राष्ट्रीय ठेवा’ म्हणून जाहीर केले आहे. अझुचीहून गोव्यामार्गे रोमला गेलेले चित्र हरवले, गोव्याहून क्योतोला आलेले पत्र टिकले.

आग

महाल कोणी जाळला? मित्सुहिदेचा नातेवाईक आकेची हिदेमित्सु याच्या नावावर हे पातक बराच काळ होते. फ्रोइस नोबुनागाच्या मुलाला, नोबुकात्सुला दोष देतो आणि त्याचे कारण त्याची मूर्खपणाची बुद्धी असे सांगतो. तिसरे मत लुटारूंचे.

उत्खननाने जाळणाऱ्याचे नाव सांगितले नाही, पण आगीची हद्द दाखवली. जळाल्याच्या खुणा माथ्यावरचा तेन्शु आणि त्याला लागून असलेल्या मुख्य वाड्याच्या परिसरात आहेत. बाकी डोंगर तेव्हा जळालेला नाही. किल्ला त्यानंतरही वापरात होता. नोबुनागाचा लहानगा नातू काही काळ इथे राहिला. १५८३ मध्ये हिदेयोशीने माथ्याजवळ नोबुनागाची समाधी बांधली, ती आजही तिथे आहे. खरा शेवट झाला तो १५८५ मध्ये. हिदेयोशीच्या भाच्याने जवळच हाचिमान डोंगरावर नवा किल्ला बांधला आणि अझुचीच्या व्यापाऱ्यांना नव्या गावात हलवले. नोबुनागाने १५७७ मध्ये तेरा कलमांची सनद देऊन, कर माफ करून, ज्या बाजारपेठेला लोक बोलावले होते ती पेठ उठली. आग लागून महाल गेला, पण डोंगर ओस पडला तो पेठ उठल्यामुळे. आपल्याकडच्याही किती गडांची कहाणी अशीच आहे. तोफांनी तट फुटले त्याची तारीख आपण पाठ करतो, खालची पेठ कधी उठली ती कोणी विचारत नाही.

रिकामे जोते

जपानने अनेक किल्ल्यांवर काँक्रीटचे तेन्शु परत उभे केले आहेत. ओसाकाचा १९३१ चा, नागोयाचा १९५९ चा. लोक ते पाहायला जातात, वर लिफ्टने चढतात. मूळ लाकडी तेन्शु उरले आहेत ते अवघे बारा. अझुचीचा तेन्शुही परत उभारावा अशी मागणी होत आली आहे. १९९२ च्या सेव्हिल प्रदर्शनासाठी नाइतोंच्या मांडणीप्रमाणे वरचे दोन मजले पूर्ण आकारात बनवले गेले, सोन्या-लाखेसकट. ते आता डोंगरापासून थोड्या अंतरावरच्या संग्रहालयात ठेवले आहेत. डोंगरावरच्या जोत्यावर मात्र काही बांधलेले नाही. ही जागा १९२६ पासून संरक्षित आहे आणि १९५२ मध्ये तिला विशेष ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. २०२६ मध्ये बांधकामाच्या आरंभाला ४५० वर्षे होतात. त्या निमित्ताने शिगा प्रांताने विचार करून मार्ग निवडला तो डिजिटल प्रतिकृतीचा. पडद्यावर काहीही उभे करा, नवा पुरावा आला तर बदला, पायाचे दगड जागचे हलणार नाहीत.

हा निर्णय मला महत्त्वाचा वाटतो आणि त्याचे कारण पर्यटनाचे नाही. ग्युइची, फ्रोइस आणि आराखडा यांच्यात जिथे जुळत नाही तिथे बांधणाऱ्याला निवड करावी लागते. मधल्या दगडाच्या जागी स्तूप ठेवायचा की खांब? काँक्रीट ओतले की त्यातले एक मत खरे ठरते आणि पन्नास वर्षांनी शाळेची मुले तेच इतिहास म्हणून पाठ करतात. मग पुरावा आला तरी त्याला इमारतीशी भांडावे लागते.

जुलै २०२५ मध्ये आपले अकरा आणि तामिळनाडूतला जिंजी असे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत आले. यादीत आले म्हणजे निधी येईल, गर्दी येईल, आणि पडलेल्या वाड्यांच्या जागी ‘जसे होते तसे’ उभे करण्याचा उत्साहही येईल. तो उत्साह प्रेमापोटीच असतो. त्या वेळी विचारायचे प्रश्न अझुचीवर विचारले गेले तेच आहेत. ‘जसे होते तसे’ हे कोणी पाहिले? कुठे लिहिले? लिहिणारा कोणाचा माणूस होता? दुसरा साक्षीदार आहे का, आणि तो कुठे वेगळे सांगतो? या प्रश्नांची उत्तरे कागदावर आधी जुळली पाहिजेत. जुळत नसतील तर तिथे पाटीवर दोन्ही मते लिहावीत आणि जोते मोकळे ठेवावे.

एइतोकुचे पडदे कदाचित एखाद्या इटालियन वाड्याच्या माळ्यावर गुंडाळलेले असतील, कदाचित कधीच कुजून गेले असतील. ते सापडले तर नाइतो बरोबर की मियाकामी हे एका सकाळी ठरेल आणि दोघांची कितीतरी पाने निरुपयोगी होतील. तोवर अझुचीच्या जोत्यावर पायाच्या दगडांच्या रांगा आहेत, त्यांत एक जागा रिकामी आहे, आणि ती कशाने भरायची हे कोणी ठरवून टाकलेले नाही.